एका खुर्चीवर चौदा विमानं

विमानतळाच्या रडार खोलीत वहिनी एकोणीस वर्षं विमानांना वाट दाखवत होत्या. तिथे सगळे त्यांना वहिनीच म्हणत. महिनाभर शेजारची खुर्ची रिकामी होती आणि दोघांचं काम त्यांच्या एकटीच्या गळ्यात पडलं होतं. त्या दुपारी पडद्यावर चौदा विमानं होती. एकाशी बोलत असताना दुसरी दोन एकाच उंचीवर समोरासमोर आली. वहिनींनी एकाला तातडीनं उजवीकडे वळवलं. पाच मैलांचं अंतर हवं होतं, उरलं दीड. प्रवाशांना पत्ताही लागला नाही.

तासाभरात साहेब अहवाल घेऊन आले. त्यात एकच कारण होतं, कर्मचाऱ्याचं दुर्लक्ष.

"आणि रिकाम्या खुर्चीचं काय?" वहिनींनी विचारलं.

"ते कशाला उकरून काढायचं? सही करा, पुढचं मी सांभाळून घेतो," साहेब गोड हसले.

वहिनींनी तीनदा जादा माणूस मागितला, तेव्हाही साहेब असेच हसले होते. वहिनींनी सहीच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'दोघांचं काम एकटीकडे होतं.'

वहिनींची रवानगी जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी त्यांच्या जागी दोन माणसं बसवली. ते कळलं तेव्हा वहिनी जेवत होत्या. त्यांना इतकी किळस आली, की त्यांनी ताट बाजूला सारलं.