खराट्याच्या मागे

ड्रूमीच्या दरीतले लोक आमच्या डोलिना आजीला पाठीवरून ओळखतात. ती दरीतली टपालवाली होती. तुम्ही दार उघडून "काय डोलिना, आज पाऊस—" म्हणेपर्यंत पत्र पायपुसण्यावर पडलेलं असायचं आणि आजी खालच्या वळणाला पोचलेली असायची. आता निवृत्त झाली, तरी तिचं बूड कुठे टेकत नाही. टोस्टसुद्धा ती सिंकपाशी उभ्याने खाते. "आजी, बस ना" म्हटलं की "बसते, बसते, बसलेच" म्हणत खुर्चीच्या हातावर जेमतेम टेकते, आणि किटलीने शिटी मारायच्या आत उठून तिच्याकडे रागाने बघत उभी राहते. जणू किटली कामचुकार आहे.

फिनले आजोबा याच्या बरोब्बर उलट. पूल व्हायच्या आधी ते लॉखच्या, म्हणजे दरीतल्या लांबट सरोवराच्या, या काठावरून त्या काठावर माणसांची बोट चालवायचे. जन्मभर बसून काम. त्यांना काहीही विचारा, आधी "हं" येतं. मग बराच वेळ काही येत नाही. मग "बघू" येतं. अशा दोघांचं जमलं कसं, असं नवखे लोक विचारतात. त्यात काही नवल नाही. टपालाची थैली घेऊन आजीला रोज त्यांच्या बोटीतून पलीकडे जावं लागे, आणि बोटीत पळता येत नाही. आजोबा मुद्दाम बोट हळू चालवायचे, असं आजीचं अजून म्हणणं आहे. आजोबांचं त्यावर म्हणणं "हं" एवढंच.

लग्न झालं, मग पूल झाला, आणि आजी कायमची दहा पावलं पुढे गेली. चर्चला जाताना, दुकानात जाताना, कुणाच्या मयताला जातानासुद्धा ती पुढच्या वळणावर उभी, कुंपणावर बोटांनी टकटक करत. "फिनले! अरे, मेलेला माणूस तुझ्या आधी पोचेल!"

आणि या बाईला मोठ्या चालीत सगळ्यांच्या शेवटी चालावं लागतं.

मोठी चाल आमच्याकडे दर मे महिन्यात असते. लॉखच्या काठाने निघायचं, दरी चढायची, वरच्या फाटकातून खिंडीत शिरायचं आणि पलीकडे गावच्या हॉलमध्ये उतरून मसुराचं सूप प्यायचं. शेकड्याने लोक छातीवर नंबर लावून येतात. सगळा कारभार गिलांडर्सकाकांकडे. ते सैन्यात ब्लँकेटांच्या कोठीवर होते, पण कर्णा हातात आला की वाटतं, सगळी युद्धं त्यांनीच जिंकली. "मंडळी! शिस्त! याला पाऊस म्हणत नाहीत! हा ओलावा आहे!" आणि त्यांच्या टोपीच्या कडेवरून ओलाव्याची धार लागलेली.

शेवटून चालणाऱ्याच्या पाठीला हेदरच्या रानझुडपाच्या काटक्यांचा एक खराटा बांधलेला असतो. त्या माणसालाही खराटाच म्हणतात. नियम साधा आहे. खराटा चारच्या ठोक्याला वरच्या फाटकात पाहिजे, आणि वाटेत तो ज्याच्या पुढे गेला तो बाद. नंबर काढायचा, मागून येणाऱ्या इशबेलच्या व्हॅनमध्ये बसायचं. कारण चारनंतर खिंडीत धुकं उतरतं, आणि त्या धुक्यात माणूस हरवला की बचाव पथकाची रात्र जाते.

आजी पूर्वी पुढून चालायची. एका वर्षी ती हॉलमध्ये पोचली तेव्हा सुपाचं भांडंसुद्धा चुलीवर चढलं नव्हतं, आणि तिला गाठायच्या नादात निम्मी दरी लंगडत होती. गिलांडर्सकाका म्हणाले, "डोलिना, तुला शेपटाला बांधल्याशिवाय माझी चाल धड चालायची नाही." तेव्हापासून खराटा तिच्याकडे. मागे राहून ती काय करते? चॉकलेटचे कागद उचलते, भिंतीवरून पडलेले दगड परत चढवते, उघडी फाटकं लावते, पुढे जाते, मागे येते आणि शेवटच्या माणसाच्या मानेवर श्वास सोडते. वरच्या फाटकात खराटा पथकाच्या पोरांच्या हवाली केला की मग तिची वर्षाची दिवाळी. खिंडीतून ती अशी सुटते, की हॉलपर्यंत पन्नासेक जणांना मागे टाकते.

नंबर काढण्यात तिने कुणाची गय केलेली नाही. पाद्रीबाईंचा काढला, गिलांडर्सकाकांच्या सख्ख्या भावाचा काढला, गेल्या वर्षी माझा काढला.

"आजी, मी तुझी नात आहे!"

"म्हणून तर पिन जपून काढतेय. हलू नकोस."

तर या वर्षी एप्रिलात, सकाळी लापशी खाताना आजोबा म्हणाले, "मीही चालतो म्हणतो."

आजीच्या हातातला टोस्ट तोंडाशीच थांबला. "कुठे?"

"मोठ्या चालीत."

"तू? तू पेपर आणायला फाटकापर्यंत जातोस तर मध्ये विसावा घेतोस!"

"हं," आजोबा म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "नंबर घेतलाय."

बातमी दुकानात माझ्याआधी पोचली. जो तो एकच विचारायचा. इशबेलला तर उकळ्याच फुटत होत्या. "काय गं डोलिना, नवऱ्याचा नंबर काढशील? का नवराच बदलशील?"

"नियम म्हणजे नियम," आजी म्हणाली, आणि सुटे पैसे न घेताच निघून गेली.

पण तिच्या जिवाला घोर लागला होता. तिने आजोबांच्या बुटांत नवे तळवे घातले. रोज संध्याकाळी त्यांना मेंढ्यांच्या वाड्याभोवती फिरवायची, मागून टाळ्या वाजवत. मेंढ्या पळायच्या, आजोबा नाही. नवऱ्याचा नंबर सगळ्या दरीदेखत आपल्या हाताने काढावा लागू नये, एवढंच तिला हवं होतं. आणि न काढता सोडला, तर पाद्रीबाईंना पुन्हा तोंड कसं दाखवायचं?

चालीच्या दिवशी ओलावा मुबलक होता. मी आजोबांबरोबर निघाले. पुलाशी पोचेपर्यंत आमच्या मागे खराट्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

"चल, चल, चल, चल," मागून.

आजोबा जुन्या धक्क्यापाशी थांबले. "पाट्या कुजल्यात बघ."

"कुजू देत!"

"इथे तू बसायचीस. पुढच्या फळीवर. थैली मांडीत."

"फिनले, मी म्हातारी झाले हे मला ठाऊक आहे, तू पाय उचल!"

आजोबांनी एक पाय उचलला. मग जरा विचार करून दुसरा. पुढे झऱ्यातल्या दगडावर एक पाणपक्षी शेपूट हलवत होता, त्याच्यासाठी थांबले. अर्धवट पडलेल्या कुंपणाच्या मालकाबद्दल काय काय आठवलं, त्यासाठी थांबले. मग ओटकेक आणि चीज खायला चक्क बसले, आणि आजीपुढेही एक तुकडा धरला. तिने तो उभ्याने खाल्ला, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, पाठीवरचा खराटा डावीकडे-उजवीकडे झुलवत. चिलटांनी तिला सोडून आम्हालाच धरलं. एका जागी न थांबणारं रक्त त्यांना तरी कसं मिळणार?

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. "खराटा, खराटा! गिलांडर्स बोलतोय! ठिकाण कळवा! ओव्हर!"

"ठिकाण?" आजी ओरडली. "फिनलेच्या पाठीमागे! ओव्हर!"

"कालही तिथेच होता का? ओव्हर!"

मागच्या व्हॅनमधून इशबेलचं हसू ऐकू आलं.

दुपारभर आजीने सगळं करून पाहिलं. फौजी ठेक्यात टाळ्या दिल्या. रस्त्यात कुणाचा तरी बैल सुटलाय म्हणून सांगितलं, आजोबा म्हणाले, "कुठला? बघू तरी," आणि उलट थांबले. तिने हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले. तिचे हात सारखे पुढे यायचे, आजोबांच्या पाठीला लावून ढकलायला, आणि ती ते पुन्हा खिशात कोंबायची. ढकलणंही नियमात बसत नाही.

शेवटचा चढ आला. वर फाटक दिसत होतं, फाटकापाशी पथकाची पिवळी जाकिटं, आणि त्याच्यावर खिंडीत नागमोडी चढत गेलेले रंगीत रेनकोट. चार वाजत आले होते. आजोबा एका दगडावर बसले आणि बुटाची नाडी सोडू लागले.

"खडा गेलाय."

"ऊठ. फिनले, ते बघ फाटक. दिसतंय."

"दिसतंय."

"मी तुझ्या पुढे गेले तर तू बाद."

"माहितीये."

"मुद्दाम बसलायस!"

"मुद्दाम नाही गं. दम लागलाय." ते खरंच होतं, ओठ पांढरे पडले होते. खडा त्यांनी काढला, बघितला, बाजूला ठेवला. "पण दिवस झकास गेला. सकाळपासून तू होतीस माझ्याबरोबर. बोट बंद झाली, त्यानंतर पहिल्यांदाच."

"एवढ्यासाठी?" आजी म्हणाली. "एवढ्यासाठी नंबर घेतलास तू?"

"नाहीतर तू कुठे सापडतेस?"

वॉकीटॉकी पुन्हा खरखरली. "खराटा! वेळ! वेळ! ओव्हर!" इशबेलने व्हॅन थांबवून काच खाली केली होती, आणि या वेळी ती हसत नव्हती.

आजी वाकली. "हलू नकोस. पिन टोचेल." तिने नंबर काढला, घडी करून खिशात ठेवला. माझाही काढला, पण माझ्या नंबराची कुणाला पडली होती? "गाडीत बस," ती आजोबांना म्हणाली, आणि निघाली.

असं तिला चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. चार पावलं पुढे जायची आणि वळून बघायची. खराट्याच्या मागे कुणी नसतं, तोच तर खराट्याचा अर्थ. आणि आज तिच्या मागे माणूस होता. कारण आजोबा गाडीत बसलेच नाहीत. बूट घालून त्यांनी इशबेलला सांगितलं, "तू ये मागून. मी फाटकापर्यंत जातो." आणि बिनानंबरचे, आपल्या चालीने, चढू लागले.

आजी वेळेवर पोचली. फाटकात खराटा घेणारा रुआरी नंतर मला सांगत होता. तो म्हणाला, "डोलिना, आज किती जणांना धूळ चारणार?" तिने नेहमीसारख्या नाड्या आवळल्या. खिंडीकडे बघितलं. दाराशी पट्टा बघून कुत्रं नाचतं, तशी ती जागच्या जागी नाचत होती म्हणे. मग एकदम "छे!" म्हणाली, रुआरीवर खेकसल्यासारखी, आणि वळून उताराला लागली.

आमच्यापर्यंत ती धावतच आली. आजोबांच्या बरोबरीने चालायला लागली आणि दोन पावलांत पुढे गेली. थांबली. परत आली. पुन्हा बरोबरीने, पुन्हा पुढे, पुन्हा परत. त्यांच्या वेगाने चालणं तिला जमतच नव्हतं. पण परत येणं जमत होतं. आजोबा तो चढ एकदा चढले. आजी निदान तीनदा चढली असेल.

फाटक तोवर बंद झालं होतं. आजोबांनी साखळीला हात लावला, जसा धक्क्याला लावावा.

"झालं? पोचलास? चल आता घरी," आजी म्हणाली.

"पायी?"

तिने दरीकडे बघितलं, त्यांच्या ओठांकडे बघितलं, आणि मग जन्मात पहिल्यांदा इशबेलच्या व्हॅनमध्ये चढली. मागच्या लांब बाकावर आजोबांशेजारी बसली. मी त्यांच्या समोर.

"इशबेल, ही गाडी आहे की गोगलगाय?"

"डोलिना, तुझा नवरा म्हणतोय हळू चालव."

"मी काहीच म्हणालो नाही," आजोबा म्हणाले. "पण चालव."

लॉखला वळसा घालून घरी जायचं म्हणजे चांगलाच वेळ लागतो, आणि व्हॅनमध्येही पळता येत नाही. आजीने खिडकी उघडली, लावली. टोपी काढली, घातली. खिशातल्या नंबराची घडी उलगडली, पुन्हा घातली. तिचा उजवा पाय सबंध वाटभर गाडीच्या तळावर थडथडत होता. आजोबांनी तो थांबवायचा प्रयत्न केला नाही. बोट चालवताना बघायचे तसे ते समोर बघत बसले होते.