साईरामचा गडी

तंजावरच्या वीज कचेरीत बिलाच्या खिडकीमागं बसणारा सूर्यनारायण राव आठवडाभर लोकांची कार्डं घ्यायचा, शिक्का हाणायचा आणि कार्डं परत सरकवायचा. ऐतवारी मात्र तो माणसं बांधायचा. साधीसुधी नव्हेत. कुणी एका हातानं बस उचलणारा, कुणी बसल्या जागी गावातले सगळे टेलिफोन ऐकणारी.

खेळ अमेरिकेचा. सूर्याचा मित्र गणेशकुमार, त्याच्या चुलतभावानं तिकडून येताना त्याचं पुस्तक आणलं होतं. महाबली वीरांचा हा खेळ बसून, बोलून खेळायचा. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी आपापला वीर घेऊन त्या गोष्टीत शिरायचं, 'मी असं असं करतो' म्हणायचं, आणि ते जमलं की फसलं ते फाशांनी सांगायचं. गणेशकुमारचं जुन्या बसस्टँडपाशी जेरॉक्सचं दुकान. त्यानं पुस्तकाची प्रत काढली, पण मध्येच यंत्राची शाई संपली आणि 'मार लागला तर काय' हा अख्खा भाग कोरा आला. ते कळेपर्यंत मूळ पुस्तक विमानात बसून गेलंसुद्धा होतं.

"बरं झालं," सूर्या म्हणाला होता. "माराचं आपण ठरवूं."

फासेही तिकडचे नव्हते. सूर्याच्या अम्मानं, वत्सलाबाईनं, आपली तायक्कट्टै काढून दिली. पितळेचे लांबट, चार बाजूंचे दोन फासे, एकेक बाजू कोरी. हातात घोळवून जमिनीवर सोडायचे. तायक्कट्टैत दोन्ही मिळून एक पडला की त्याला दायम म्हणतात, आणि दायम टाकणाऱ्याला आणखी एक डाव मिळतो. पुस्तकात असलं काही नव्हतं. पण दायम पडल्यावर फासे दुसऱ्याच्या हाती द्यायचे, हे तंजावरात वाढलेल्या हाताला जमेना. दोन ऐतवार भांडणात गेले. शेवटी सूर्यानं दायमाचा जादा डाव नियमातच घातला, आणि तिथून पुढं सूर्या एकेक नियम बदलतच गेला.

वीराला ते 'गडी' म्हणत. गडी बांधायला प्रत्येकाला शंभर गुण. शक्ती घेतली की गुण खर्ची पडायचे. दोष पत्करला की जादा मिळायचे. इथं सूर्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गणेशकुमारला बस उचलायची होती आणि गुण पुरत नव्हते, तेव्हा सूर्यानं त्याला विचारलं, "खोटं बोलल्याशिवाय किती वेळ राहशील?"

"दुकानांत? राहवत नाही डा."

"सरी, ठीक. मग तुझा गडी खोटं बोलला की त्याला उचकी लागते. पंधरा गुण घे."

टेलिफोन ऐकणारी होती साईप्रिया, अम्माच्या भावाची मुलगी. कॉम्प्युटर शिकवायच्या क्लासात नोकरीला. नऊनंतर एसटीडीचे दर उतरले की सगळा गाव बूथवर रांग लावतो, तेव्हा तिच्या गडीणीचं डोकं फुटायला यायचं. तोही दोष सूर्याचाच.

आणि साईराम, सूर्याचा धाकटा भाऊ. त्यानं मागितलं पाणी. नदीचं पाणी हात वर करून उभं करायचं, खांबासारखं. एवढ्या शक्तीला गुण कुठले पुरायला? तेव्हा त्यानंच सुचवलं, "अण्णा, नदी आटली की माझी शक्ती शून्य. किती देतोस?"

"चाळीस."

"काढ तर."

त्याचा हिशेब असा की खेळात नदी आटवणार कोण? सूर्यानं त्याच दिवशी नवा नियम केला: बाहेर जी तारीख, तीच खेळात. कावेरीला पाणी असेल तर गड्याला बळ, मेट्टूर धरणाचे दरवाजे बंद झाले की गडी बसला. साईराम महिनाभर कुरकुरला. मग त्याला त्याचीच मजा वाटायला लागली. सकाळी मोपेड घेऊन नदीवर जायचा आणि येऊन सांगायचा, "आज कंबरेइतकी ताकद आहे."

तै महिन्यात, संक्रांतीनंतर, खेळ ऐन रंगात आला होता. कावेरीचाच फाटा असलेल्या वेण्णार नदीवरचा रेल्वेपूल मधोमध तुटलेला, गाडी अर्धी पुलावर, आणि साईरामच्या गड्यानं खाली उभं राहून पाण्याच्या खांबावर पूल तोलून धरलेला. जेवणाची वेळ झाली. उरलेलं पुढल्या ऐतवारी म्हणून उठले.

गुरुवारी कुणीतरी साईरामला म्हणालं, पापनाशमला एवढं पार्सल पोचवतोस का. तो मोपेड घेऊन गेला. पापनाशमच्या अलीकडं बसखाली आला.

वडील आधीच गेलेले, म्हणून सगळं सूर्यानंच केलं. तिरुवय्यारला नेलं. नदी तोवर वाळू झाली होती. वाळूत खड्डा खणला, झिरपून आलेलं गढूळ पाणी लोट्यात घेतलं, गुरुजी सांगतील तसं सोडलं. डोक्यावर ऊन होतं, तळव्यांना वाळू पोळत असणार. त्याला ते नंतर फोड बघून कळलं.

मग तो कामावर गेला. कार्ड, शिक्का, कार्ड. डोक्यावरचा पंखा बंद पडला की शेजारचा कारकून उठून बोंब मारायचा. सूर्याला बंद पडल्याचं ठाऊकच नसायचं. घरी अम्मा ताट वाढायची, तो जेवायचा, ती विचारायची मीठ झालंय का, तो म्हणायचा झालंय. एकदा तिनं मीठ घातलंच नव्हतं. तिनंही काही म्हटलं नाही. दोघं एका घरात दोन खांबांसारखी होती.

खेळाचा विषय निघाला नाही. फक्त एक गोष्ट त्यानं मनाशी केली: खेळातली तारीख थांबवली. बाहेरच्यासारखी ती पुढं नेली असती तर नदी आटली असती, पाण्याचा खांब बसला असता. आपलाच नियम त्यानं पहिल्यांदा मोडला, आणि तो मोडल्याचंही त्याला फारसं काही वाटलं नाही.

आडी महिन्यात, आषाढाच्या सुमारास, पाणी आलं. अख्खा गाव नदीकडं लोटला. गणेशकुमार बिलाच्या खिडकीशी येऊन उभा राहिला, हातात कार्ड नसताना.

"पाणी आलं डा. बघितलंस?"

"हं."

"म्हणजे साईच्या गड्याला बळ आलं. या ऐतवारी गाडी पार करूंया. पोराला असा पुलाखाली किती दिवस उभा ठेवणार तूं?"

मागचा माणूस ओरडला, "सार, गप्पा घरीं मारा!"

"ऐतवारी या," सूर्या म्हणाला. नको म्हणण्यापेक्षा ते लवकर संपलं.

ऐतवारी त्यानं दिवाणखान्यात कोलमाची, रांगोळीची पूड काढून जमिनीवर नकाशा आखला: नदी, रूळ, पूल, गावाचा रस्ता. घरात सुतकाचं वर्ष, दारात कोलम घालायचा नाही. अम्मा आली, नकाशाकडं बघत उभी राहिली. सूर्यानं हात आखडला.

"काढ," ती म्हणाली. "दारांत नको म्हणालेत. आंतलं कुणी कांहीं म्हणालं नाही."

गणेशकुमार आणि साईप्रिया आली. प्रत्येक गड्यासाठी एकेक चिंचोका मांडला, साईरामचा पुलाखाली. अम्मानं कॉफी आणून दिली. एरवी ती पेले ठेवून आत जायची. आज ती भिंतीला टेकून खाली बसली.

"साईचं कोण खेळतंय?"

"मी चालवतों," सूर्या म्हणाला.

"घरचं कुणीही चालतं, नाही काय? साईप्रियाची परीक्षा होती तेव्हां हिची बहीण खेळली. तेव्हां साईच भांडला होता, घरच्यांना खेळूं द्या म्हणून. मला आंत ऐकायला येतं सगळं."

तसा नियम होता.

"मग मी खेळतें. वाच तो काय आहे तें."

सूर्यानं साईरामचा इंग्रजीत लिहिलेला कागद घेतला आणि मराठीत वाचला. पाणी उभं करणं. पाण्याखाली श्वास. पोहणं. तो खिडकीवरच्या आवाजातच वाचत होता.

"हें सगळं शंभरांत बसलं?"

"नाही. दोष घेतले. त्याचे गुण मिळाले."

"कुठले?"

"नदी आटली की शक्ती जाते."

"आणखी?"

"कुणी हाक मारली तर नाही म्हणतां येत नाही."

आत स्टोव्ह फुरफुरत होता. अम्मा उठली, तो बंद करून आली, परत त्याच जागी बसली.

"दोन्ही काढ."

गणेशकुमार हसला, मग हसू आवरून म्हणाला, "मामी, आत्तां पाणी तुडुंब आहे की! तो दोष असून नसल्यासारखा."

"तै महिन्यांत जाईल."

"तेव्हांचं तेव्हां बघूं."

"तेव्हां बघितलं," अम्मा म्हणाली.

साईप्रियानं हळूच तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अत्ते, दोष काढले तर त्याचे गुण परत द्यावे लागतात. शक्ती जाईल त्याची."

"जाऊं दे. काय काय द्यायचं तें सांग रे सूर्या."

सूर्याच्या हातानं पेन्सिल उचलली आणि वजाबाकी केली. हाताला येत होती ती. "पाणी उभं करणं जाईल. पाण्याखालचा श्वासही जाईल. मग बसतं."

"काय उरतं?"

"पोहणं."

"पोहायला त्याला येतच होतं. खोड."

"मामी, खोडलं की खांब बसेल!" आता गणेशकुमारचा स्वर चढला. "गाडी खाली येईल. आंत माणसं आहेत!"

"पडूं दे."

तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. तिनं पदराच्या टोकानं जमिनीवरचा कॉफीचा थेंब पुसला. गणेशकुमार सूर्याकडं बघायला लागला. साईप्रियाही. गोष्ट चालवणाऱ्याचा शब्द शेवटचा. तो नाही म्हणाला असता तर गडी पुलाखाली उभाच राहिला असता, बळ घेऊन, येत्या तै महिन्यापर्यंत. आणि मग पुन्हा कुणीतरी तारीख थांबवली असती. हो म्हणाला तर साईरामनं एवढ्या भांडणानं मिळवलेलं सगळं एका रेघेत जाणार. सूर्या थांबला. आतून काही येतंय का म्हणून थांबला. काही आलं नाही. समोर कागद होता, कागदावर भावाचं अक्षर होतं, बुटकं आणि उजवीकडं कललेलं.

"चालेल," तो म्हणाला आणि दोन रेघा मारल्या. मग दोषांवरही दोन.

"सूर्या!" गणेशकुमार ओरडला.

"खांब बसला," सूर्या सांगू लागला. "पाणी पाण्यांत गेलं. पूल वाकतोय. साईचा गडी पोहत काठाला लागला. गणेश, तूं काय करतोस?"

गणेशकुमार पुढं सरकला. "मी धरतों. काय करतों म्हणून विचारतोस? पूल धरतों."

"तुझी ताकद एका बसची."

"माहीत आहे. टाकूं?"

तायक्कट्टै त्याच्या तळव्यांत खुळखुळली आणि जमिनीवर घरंगळली. एका फाशावर एक ठिपका, दुसरा कोरा.

"दायम!" साईप्रिया ओरडली.

त्यानं पुन्हा टाकले. तीन आणि दोन. पाचालाही जादा डाव. पुन्हा टाकले. हा डाव मात्र वाया गेला. सूर्यानं आकडे जुळवले. त्यांत भर घालायला जागा होती, नियम बदलायला तर नेहमीच असायची. त्यानं काही घातलं नाही.

"पुढचे डबे पार झाले. मागचे दोन नदींत गेले."

"दोन," गणेशकुमार म्हणाला. हात तसेच पुढं धरून बसला होता. "माझ्याच्यानं दोन नाही धरवले."

"साईप्रिया?"

"मी स्टेशनला, इस्पितळाला, सगळीकडं टेलिफोन लावते. सगळ्या लाइनी एकदम." तिनं फासे टाकले. जमलं. होड्या निघाल्या.

मग पाळी आली अम्माची. कुणी तिच्याकडं बघेना. ती नकाशावरच्या पांढऱ्या नदीकडं बघत होती.

"अम्मा. साईचा गडी काय करतो?"

"घरी येतो."

"कुणी हाक मारली तर?" गणेशकुमारनं विचारलं. टोचून नव्हे, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "नदींतले लोक हाका मारतायत, मामी."

"ऐकूं येईल त्याला. वाईटही वाटेल. पण आतां त्याला जायलाच हवं असं नाही ना? खोडलं नाही काय तें?"

"खोडलं," सूर्या म्हणाला.

"मग येतो घरी."

"कशावरून येतो?" सूर्यानं विचारलं.

अम्मानं पहिल्यांदा सरळ त्याच्याकडं बघितलं.

"चालत," ती म्हणाली. "रस्त्याच्या कडेकडेनं."

"अत्ते, लांब आहे गं," साईप्रिया म्हणाली. "चिंचोका एका पाळीत बोटभरच सरकतो चालणाऱ्याचा. किती ऐतवार लागतील!"

"लागूं दे की. घाई कुणाला आहे?"

सूर्यानं चिंचोका उचलला, नदीच्या काठावरून रस्त्यावर ठेवला आणि बोटभर पुढं सारला. कोलमाच्या पुडीत बारीक चरा उमटला. मग त्यानं कागदाच्या कोपऱ्यात आजची तारीख घातली.