बब्रुवानचा हातगुण

तुळजापुरात त्या काळी खासगी मोटरी मोजून पाच, आणि त्यांतली नक्की सुरू होईल याची खात्री नसलेली एक. ती दत्तोपंत उपाध्यांची. पोलीस ॲक्शननंतर एक जहागीरदार ती मिळेल त्या भावात टाकून हैदराबादला निघून गेला होता. पेट्रोल पिऊन तिनं दत्तोपंतांना नकोसं केलं, तेव्हा त्यांनी सोलापुरात तिला एक जुनं डिझेलचं इंजन बसवून घेतलं. खर्च आटोक्यात आला, खोड मात्र वाढली. सोलापूर स्टेशनावरून यजमान आणायचे, देवीचं दर्शन घडवायचं, जेवू घालून परत पोचवायचे हा दत्तोपंतांचा चरितार्थ. आणि मोटर चालवणं, त्याहून अवघड म्हणजे सुरू करणं, हे बब्रुवानचं काम.

बब्रुवान अणदूरच्या धनगराघरचा. मेंढरांमागं हिंडायचा तो लष्कराच्या ट्रकांमागं हिंडला आणि ड्रायव्हर होऊन बसला. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी मोटर हूं की चूं करीना. आठ यजमान सामान घेऊन उभे. बब्रुवाननं ओळखलं की डिझेलच्या पाइपनं हवा धरलीय. त्यानं बॉनेट उघडलं, देवीकडं तोंड करून हात जोडले, मग पान्यानं नट ढिला करून हवा काढून टाकली. मोटर धडधडली. ओट्यावरच्या दत्तोपंतांना जोडलेले हात दिसले, बॉनेटआडचा पाना काही दिसला नाही. "ह्याच्या हाताला गुण आहे," ते म्हणाले. यजमानांनी त्याच्या हातावर नारळ ठेवला.

खरं सांगायचं तर बब्रुवानला ते आवडलं. कुणाला आवडणार नाही? तेव्हापासून तो पाना पटक्याच्या शेवात लपवायला लागला. मोटर अडली की "मागं सरा, नजर नगं," म्हणून लोकांना हटवायचा आणि हात जरा जास्तच वेळ जोडायचा. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच, पण धोंडा पडायला नऊ वर्षं लागली.

हातगुण असलेल्या माणसाला सुट्टी नसते. मोटर दुसऱ्याच्या हातानं उठत नाही म्हटल्यावर बब्रुवानची बाज मोटरीच्या छपरातच पडली. बायको कोंडाबाई बारा कोसांवर अणदुरात, पण पोरीचं तोंड त्यानं पाहिलं ते ती दीड महिन्याची झाल्यावर. आई वारली तेव्हा मातीला पोचला आणि तिसऱ्या दिवशी राख सावडून थेट यजमानांना आणायला गेला. दत्तोपंत वाईट होते असं नाही. वेळेवर पगार, सणाला धोतर, घरच्या पंगतीत ताट. म्हणून तर सुटता येत नव्हतं. भांडायला काही कारणच सापडायचं नाही.

मग एस.टी.त ड्रायव्हरची भरती निघाली. उस्मानाबादला सोमवारी सकाळी नऊला गाडी चालवून दाखवायची. बब्रुवानचं वय अटीत बसायची ही शेवटची खेप. ड्युटी संपली की घर, आठवड्याला सुट्टी. त्याला दुसरं काही नको होतं.

दत्तोपंत नाही म्हणाले नाहीत. "जा बाबा. पण मोटर?" मोटरीसाठी बब्रुवाननं मेव्हण्याला आणलं. लिंबाजी लोहारा गावी ट्रक चालवायचा. आठ दिवस छपरात कोंडून बब्रुवाननं त्याला सगळं शिकवलं: हा नट, ही हवा, बुडबुडे थांबेपर्यंत पंप, थंडी असली तर हवेच्या नळीपाशी पेटता बोळा. रविवारी लिंबाजीनं तीनदा मोटर सुरू करून दाखवली.

सोमवारी साडेसातच्या एस.टी.त बब्रुवान खिडकीशी बसला होता. कंडक्टर घंटी मारणार तोच लिंबाजी धापा टाकत आला. "दाजी, उठंना. समदं केलं. अकराची गाडी हाय यजमानांची."

दोन मिनिटांचं काम म्हणून बब्रुवान उतरला. एस.टी. काही त्याच्यासाठी थांबली नाही.

उताराला लावलेली मोटर ढकलून ढकलून लोक घामाघूम झाले होते. बॅटरी उतरत आली होती. बब्रुवाननं बॉनेट उघडलं. टाकीत डिझेल होतं. फिल्टरचा नट ढिला केला, तर तिथं स्वच्छ धार, बुडबुडा नाही. नोझलकडचे नट सोडून सेल्फ मारायला लावला, तर एक थेंब नाही. म्हणजे पंपापर्यंत सगळं ठीक, आणि पुढं डिझेल कुणीतरी बंदच केलेलं. तो आत वाकला. स्टिअरिंगखाली इंजन बंद करायची घुंडी असते. ती ओढली की डिझेल तुटतं. इंजन थांबलं की तो स्वतः ती लगेच आत ढकलायचा, इतकं अंगवळणी पडलं होतं की लिंबाजीला सांगायचं राहूनच गेलं. ती घुंडी चांगली दोन बोटं बाहेर आली होती आणि तिच्या मानेला कवड्यांची माळ गुंडाळली होती.

"ही कुणी घातली?"

"मी," दत्तोपंतांची बायको चारुशीला म्हणाली. "तू चाललास, मोटरीला देवीआईचा आधार असावा म्हणून. बसेना, तेव्हा जरा ओढून बसवली."

आता खरं सांगून टाकावं, त्याशिवाय सुटका नाही, असं बब्रुवानला वाटलं. त्यानं पाना सगळ्यांसमोर धरला. "मालक, हातगुण-बितगुण काय बी न्हाय. नऊ वर्सं काम ह्या पान्यानं व्हायचं, हात म्या तुमाला दाखवाया जोडायचो. आज बी घुंडी भाईर हाय म्हून अडलंय. बघा." त्यानं माळ सोडवून काढली, घुंडी आत सारली, नट आवळले आणि मुद्दाम चार हात लांब जाऊन उभा राहिला. "लिंबाजी, मार."

दुसऱ्या सेल्फला मोटर धडधडली.

दत्तोपंत शांतपणे म्हणाले, "घुंडी कशानं बाहेर आली?"

"माळंमुळं."

"आणि माळ कुणाची?"

बब्रुवाननं हातातल्या माळेकडं पाहिलं.

"तू चाललास म्हणून माळ आली, माळ आली म्हणून मोटर अडली. अरे, आई स्वतः तुला आडवी आली, आणि तू मला पाना दाखवतोस?"

यजमानांतल्या एका म्हातारीनं बब्रुवानच्या पायाला हात लावला. त्याला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. "मालक, नवाला अजून अर्धा-पाऊण तास हाय. मला उस्मानाबादला तेवढं सोडा."

"ह्यांची गाडी चुकेल ते राहू दे," दत्तोपंत म्हणाले. "आईनं अडवलेल्या माणसाला मी नेऊन पोचवू?"

पाय होते, हमरस्ता होता, एखादा ट्रक मिळाला असता. बब्रुवान दोन पावलं निघालाही. पण नऊ वर्षं जोडलेले हात खोटे असले तरी ते जोडले होते देवीच्याच दिशेनं. घाटात पन्नास माणसं भरलेली एस.टी. आपल्या हातात आहे आणि आपण देवीचं न ऐकता आलो आहोत, हे एकदा मनात आलं ते जाईना. आपण लोकांना फसवलं तसं आपल्यालाही फसवून ठेवलं, हे त्याला कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता. त्याला फार भीती वाटली.

तो लिंबाजीकडं वळला. एवढा एक माणूस तरी सगळं जाणत होता. नट, पंप, बुडबुडे, बोळा, सगळं त्याला दाखवलं होतं. "तू तर सांग ह्यास्नी."

लिंबाजी खाली उतरला. त्यानं आपला हात आधी धोतराला पुसला आणि मग दार धरून बाजूला उभा राहिला. "मला काय कळतंय दाजी," तो म्हणाला. "तुमी नुस्तं उभं ऱ्हायलाव तर ती उठली. बसा."

इंजन चालूच होतं. बब्रुवानला नुसतं बसायचं होतं, तो बसला.