साक्षीदार बाई

फिनाईलचा वास आला की मला नागपूरच्या कोर्टाचा तो व्हरांडा आठवतो. सत्तरच्या दशकात मी सरकारी वकिलांच्या हाताखाली नवाच होतो. लकडगंजच्या लाकूड कापायच्या एका आरामशीनवर मुकादमाने एका मजुराचा जीव घेतला होता आणि ते पाहणारी एकच बाई होती, तिथे भुसा भरणारी. ती गावाकडे निघून जाईल म्हणून, साक्षीला हजर राहील याची हमी देणारा जामीनदार कोर्टाने मागितला. तिच्यासाठी उभं राहणारं कोणी नव्हतं, त्यामुळे सात महिने तीच तुरुंगात होती. मुकादम मात्र जामिनावर सुटला होता आणि साक्षीच्या दिवशी व्हरांड्यात पान चघळत उभा होता. पोलीसबाईजवळ फरशीवर बसलेल्या तिने मला विचारलं, "साहेब, आज खरं सांगतलं तं सोडतीन का मले?" मला खोटं बोलवेना. म्हणालो, "साक्ष आज पुरी होईलच असं नाही बाई, पुढची तारीख पडू शकते." "तवापर्यंत?" "आतच राहावं लागेल." तिने हाताच्या नखांकडे पाहिलं. "अन् मले काही दिसलंच नसन तं?" मी फाइल काखेत घेतली आणि आत निघालो. पिंजऱ्यात उभी राहून ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "मले काही दिसलं नाही." साक्ष तिथेच संपली. संध्याकाळी ती सुटली, पुढे मुकादमही निर्दोष सुटला. माझे वरिष्ठ तिला खोटारडी म्हणाले आणि मी मान डोलावली. इतकी वर्षं वकिली करूनही त्या मान डोलावण्याची लाज मला वाटते.