दादाचं कपाळ

दाढ ठणकत होती म्हणून काल लवंगेचं तेल लावलं आणि त्या वासानं पनवेलचं आमचं घर समोर आलं. नव्वद सालाच्या आसपास मी माकडांच्या मेंदूवर काम करत होते. मेंदूचे पातळ काप पारदर्शक करायला हेच तेल लागायचं, त्यामुळे बोटांना कायम तोच वास.

पळस्पे फाट्यावर स्कूटरवरून पडल्यापासून, कपाळाला मार बसल्यापासून, दादा सारखा भडकायचा. त्या दुपारी वरण अळणी झालं म्हणून त्यानं ताट भिरकावलं आणि आत जाऊन आडवा झाला. वहिनी फरशी पुसायला बसली. मला राहवेना.

"वहिनी, राग मेंदूत खोलवर उठतो. तिथून कपाळामागच्या भागाकडे धागे जातात, परतही येतात. तो भाग म्हणतो, जरा थांब. माकडांत काय, आपल्यात काय, रचना तीच. दादाचं तिथलंच दुखावलंय."

तिचा हात थबकला. "म्हणजे यांचा राग माझ्यावर नाही ना?"

"नाही, वहिनी."

ती उठली, आत गेली, तिनं दादाच्या कपाळावर हात ठेवला. त्यानं तो झिडकारला. तिनं पुन्हा ठेवला.

विज्ञानानं तिला धीर दिला, याचं मला तेव्हा केवढं अप्रूप! आज वाटतं, त्या घरात 'जरा थांब' म्हणणारं कपाळ एकच उरलं होतं, तिचं. ते एकटंच दोघांसाठी राबत होतं.