खिशातला बल्ब

इथं पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. त्यामुळे भूतखेत, करणी असले विषय निघाले की मी उठून जायचो... शिकूनही हेच बोलायचं तर मग शिकलो कशाला, असं वाटायचं. आजही माझा विश्वास बसलाय असं म्हणवत नाही. पण जे झालं ते तिघांनी पाहिलं, आणि त्यातला एक मी आहे.

माझे वडील, आप्पा, संभाजीनगर ते वेरूळ काळी-पिवळी चालवतात. जुनी डिझेल जीप आहे, स्वतःची. मागच्या उन्हाळ्यात तिच्या डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. इंजिन गरम झालं आणि गाडी सिग्नलला उभी राहिली की जास्तच. आमचे नेहमीचे मेकॅनिक, त्यांना सगळे उस्तादच म्हणतात, त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला आणि मान हलवली. "इंजन बैठ गया आप्पा. खोलने में मत पडो, निकाल डालो."

आप्पा दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग त्यांनी भंगारवाल्याला शब्द दिला. गाडी गेली की दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जायचं, हेही ठरवून टाकलं. इतकी वर्षं मालक म्हणून स्टँडवर उभा राहिलेला माणूस... मला ते बघवेना.

मी भीतभीतच म्हटलं, "आप्पा, प्रेशर मोजलंच नाही कुणी. दिवा खोटं बोलत असला तर?"

"दिवा कशाला खोटं बोलंल? त्याला काय इलेक्शन लढवायचंय?"

पण त्यांनी नाही म्हटलं नाही. मी उस्तादांकडूनच प्रेशरचा मीटर मागून आणला. त्यांनी हसत दिला, वर "इंजिनेर साब" म्हणाले. सकाळी स्टँडच्या मागे, कडुनिंबाखाली गाडी लावली. आधी ऑइलची पातळी पाहिली, बरोबर होती. मग इंजिनावरचा ऑइलचा स्विच काढून त्या जागी मीटर बसवला आणि गाडी चांगली तापेपर्यंत चालू ठेवली. काटा वर चढला आणि तिथून खाली आलाच नाही. प्रेशर उत्तम होतं!

म्हणजे दोष दिव्याच्या वायरीत. या वायरीला लोखंड लागलं की दिवा पेटतो, एवढाच त्याचा हिशोब. वायर चाचपत गेलो आणि सापडलं. आप्पा दर शनिवारी लिंबू-मिरची बंपरला नाही, बॉनेटच्या आत बांधतात. त्यांचं म्हणणं, नजर इंजिनाला लागते, बंपरला कोण बघतंय? जुनं काढताना लिंबू टाकून द्यायचे, बांधायची बारीक तार तशीच राहायची. अशा तारांचं घरटं झालं होतं तिथं, आणि त्यातलं एक टोक दिव्याच्या वायरीच्या रबरातून आत घुसलं होतं. गाडी थरथरली की टोक टेकायचं, दिवा लुकलुकायचा.

आप्पा त्या तारांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता बंपरलाच बांधतो. दोऱ्यानं."

मी वायर दुरुस्त केली, स्विच परत बसवला. दिव्याचा बल्बही काढून पाहिला, तर काच काळी पडलेली. नवीन क्रांती चौकातून आणायचा म्हणून जुना नमुन्याला रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला. तेवढ्यात स्टँडवर आमचा नंबर पुकारला. नंबर चुकला की रांगेच्या शेवटी जावं लागतं, त्यामुळे बल्ब न लावताच निघालो. मागं सीटा भरलेल्या. पुढं आप्पा, मधे मी, खिडकीला खुलताबादच्या एक खाला, नेहमीच्याच. मी हवेत होतो. खालांनाही लिंबू-मिरचीची हकिगत सांगून झाली होती.

दौलताबादचा किल्ला मागे पडला, घाट सुरू व्हायच्या आधीच्या सपाट रस्त्यावर खाला म्हणाल्या, "भैया, वो लाल बत्ती देखो जरा."

दिवा लागला होता. लुकलुकत नव्हता, एकसारखा पेटलेला होता.

आप्पांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. दिवा विझला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं ते अजून आठवतं... रागानं नाही, थकून. खाली उतरून वाकलो तर ऑइल फिल्टरचं जुनं रबर फाटलेलं आणि ऑइलची धार रस्त्यावर. भरलेली गाडी घेऊन तशीच घाट चढली असती, तर इंजिन अर्ध्यात जाम झालं असतं. मग खरंच भंगार.

"वायर म्हणला होतास ना?" आप्पा म्हणाले.

मी खिशात हात घातला. रुमाल सोडला. बल्ब तळहातावर ठेवून त्यांच्यापुढं धरला. डॅशबोर्डच्या मागं हात घालून पाहिलं, होल्डर रिकामा लोंबत होता.

आप्पांनी बल्ब उचलून उजेडात धरला, मग वाकून तो होल्डर पाहिला. खालांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळूच काहीतरी पुटपुटल्या.

प्रवासी मागच्या गाडीत बसवून दिले. फोन केला तसे उस्ताद स्कूटरवर नवीन रबर आणि ऑइलचा डबा घेऊन आले. ऑइल भरून त्यांनी स्वतः मीटर लावला. काटा सकाळच्याच जागी. "कुछ नहीं हुआ इसको," ते म्हणाले, "मैंच जल्दी बोल गया था." आप्पांनी तिथूनच भंगारवाल्याला फोन केला. गाडी द्यायची नाय, एवढंच बोलले. मग घाट आप्पा, मी आणि उस्ताद असे रिकाम्या गाडीतून चढलो. आप्पा गुणगुणत होते. उस्ताद स्कूटर खालीच ठेवून फक्त मजेसाठी आले होते.

नंतर मी सगळं तपासलं. दिव्याच्या काचेवर चमकेल असं ऊन आमच्या पाठीवर नव्हतं, डॅशवरचा दुसरा कुठला दिवा चालू नव्हता. त्याच जागी, त्याच वेळी होल्डर रिकामा ठेवून पुन्हा गेलो, काही दिसलं नाही. कॉलेजात सरांना विचारलं, ते भास म्हणाले. तिघांना एकच भास, आणि तोही नेमका ऑइल सांडत असताना? तुमच्यापैकी कुणाला कारण सापडलं तर नक्की लिहा, मला खरंच हवंय. माझ्याकडं ते नाही.

आप्पांना ते नकोच आहे. परवा स्टँडवर एकानं विचारलं, गाडी इकणार होता ना आप्पा? आप्पांनी चहाचा घोट घेतला, बॉनेटवर हात टेकवला.

"इकायची कशाला? पोरानं तपासलीय."