एकाच डिझाइनचे दोन ग्रह

हिलालबद्दल लिहा, असे त्याची मुलगी हर्षदा मला म्हणाली. मला लिहायची सवय नाही. मिलमध्ये पॅकिंगच्या चिठ्ठ्या लिहिल्या, तेवढेच. जमेल तसे लिहितो.

हिलाल पस्तीस वर्षे सचिन गावातल्या एका साडी छपाईच्या मिलमध्ये चेकिंगला होता. टेबलावरून कापड सरकायचे आणि हा बघायचा. डाग, सुटलेला रंग, छापाचा चुकलेला जोड. संशय घेण्याचाच त्याला पगार होता, आणि ती सवय घरीही सुटत नसे. दूधवाला हसला तर म्हणायचा, "आज का हसला हा?"

दोन वर्षांपूर्वी त्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. महिन्याभराने त्याने पास केलेला साड्यांचा एक लॉट डागांमुळे परत आला. शेटचा मुलगा गुजरातीत म्हणाला, "काका, हवे आंख गई." म्हणजे आता तुमचे डोळे गेले.

"मी बघितला तेव्हा माल साफ होता," हिलाल म्हणाला.

मी तिथेच पॅकिंगला होतो; शेटच्या मुलाने माझ्याकडे पाहिले. मी 'हो' म्हणून मान हलवली. हिलाल घरी बसला.

तेव्हापासून डिंडोलीच्या त्याच्या घरात त्याच्या डोळ्यांवर कुणाचा विश्वास राहिला नाही. भाजीत अळी आहे म्हणाला, की त्याची बायको, वत्सलावहिनी, आपल्या अहिराणीत म्हणत, "जिरं शे ते. डोया तपासा." त्याचा स्वतःचाही राहिला नसावा. दाराआड उभा राहून सुईत दोरा ओवताना मी त्याला पाहिले आहे.

हर्षदा शाळेत विज्ञान शिकवते. शाळेच्या प्रदर्शनात ती कॉम्प्युटरवरच्या आकाशाच्या प्रोग्राममधून बटुग्रह दाखवणार होती. प्रोग्राममध्ये आधी फक्त प्लूटो होता. सेरेस, हाउमेया, माकेमाके आणि एरिस तिने शोधून वेगळे भरले. संध्याकाळी घरच्या टीव्हीला जोडून ती सराव करत होती. मीही चहाला गेलो होतो.

"हे फोटो काढायला कोण गेलं होतं?" हिलालने विचारले.

"पप्पा, प्रोग्राममध्ये असतात ते."

"असतात म्हणजे? कुणीतरी ठेवले असतील ना? एरिस पुन्हा दाखव. आता माकेमाके."

तो उठला आणि टीव्हीवर बोट ठेवून म्हणाला, "हा खड्डा बघ, राजम्याच्या दाण्यासारखा. शेजारी तीन ठिपके. आता एरिसवर जा. खाली बघ. तोच खड्डा, तेच ठिपके, उलटे. एक लाल, एक राखाडी. हे मॅचिंग आहे! आम्ही नाही का एकच डिझाइन चार रंगांत छापत?"

"तुमले बठ्ठंच खोटं वाटस," वहिनी म्हणाल्या. "आते आभाय बी?"

"खड्डे सारखे दिसतातच, पप्पा. आज डोळ्यांत ड्रॉप घातले का?"

हिलाल माझ्याकडे वळला. "भाईदास, तू सांग."

मला ते सारखे वाटत होते. पण मुलीला खोटे पाडायला हा काहीतरी शोधतो आहे, असाही संशय आला. "लांबून नीट दिसत नाही," मी म्हणालो.

"तुला कधीच दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने मला बोलावून घेतले. हातात ट्रेसिंग पेपर होता. मिलमध्ये छापाचा रिपीट, म्हणजे पुन्हा येणारा तोच नमुना, जुळतो का, ते तो असेच तपासायचा. त्याने हर्षदाला एरिस फिरायचा थांबवायला लावला, कागद टीव्हीवर धरून खड्डा आणि ठिपके पेन्सिलीने उतरवले. मग दोन्ही ग्रह सारख्या मापाचे करवून घेऊन कागद उलटा फिरवला आणि माकेमाकेवर ठेवला.

रेघ रेघेवर बसली.

 हर्षदाने त्या ग्रहांसोबत आलेली माहिती उघडली आणि वाचली. "इथे लिहिलंय, पप्पा. हाउमेया, माकेमाके, एरिस, यांच्याजवळ अजून एकही यान गेलेलं नाही. वरचं सगळं अंदाजानं रंगवलंय." मग म्हणाली, "आणि मी मुलांना सांगणार होते, बघा, एरिसवरचे खड्डे."

"आणि हा प्लूटो? हाही तसाच?"

"नाही. त्याच्याजवळून यान गेलं होतं."

तिच्या सांगण्यावर तो थोडाच विसंबणार! अर्धा तास तो कागद घेऊन प्लूटो तपासत होता. शेवटी म्हणाला, "यात रिपीट नाही. पण ही बाजू पुसट का?"

"त्या बाजूचे जवळून फोटो नाहीत, म्हणून."

"हे बरं केलं. जे दिसलं नाही ते काढलं नाही." त्याने कागदाची घडी केली. "मग भाईदास, त्या दिवशी तू मान का हलवलीस?"

हा प्रश्न दोन वर्षे त्याच्या मनात होता, हे मला तेव्हा कळले. मी म्हणालो, "मी माल बघितलाच नव्हता. परत आलेल्या साड्यांचा गठ्ठा माझ्यासमोर सोडलाही नव्हता. शेटचा पोरगा बघत होता, म्हणून हलवली."

"मोठ्याने बोल. वत्सला आत आहे."

मी पुन्हा सांगितले, आतपर्यंत ऐकू जाईल असे. आतला भांड्यांचा आवाज थांबला. हर्षदा खाली मान घालून त्या तीन ग्रहांखाली पट्टी टाइप करत होती: खरा फोटो नाही.

वहिनी बाहेर आल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. वालपापडीची परात त्यांनी हिलालच्या मांडीवर ठेवली.

"देखा," त्या म्हणाल्या. "किडेल शे का?"